प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस: काढताना आणि बसवताना

गाडी न्यूट्रलमधून पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडावा आणि त्याच क्षणी सीटखालून कुठून तरी धातूवर धातू आपटल्याचा ‘टक्’ असा आवाज यावा, रिव्हर्सला टाकल्यावर तो पुन्हा यावा, आणि काही आठवड्यांनी रिकाम्या रस्त्याने सावकाश जाताना चिमणीच्या चिवचिवाटासारखी बारीक किरकिर गाडीच्या गतीबरोबर कमीजास्त होताना ऐकू यावी, अशी तक्रार घेऊन नागपुरातल्या गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाला बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळते: “भाऊ, क्रॉस गेला.” हा क्रॉस म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचा गाभा. तो मुठीत मावेल एवढा असतो, गाडीच्या इतर भागांच्या मानाने स्वस्त असतो, आणि म्हणूनच तो बदलण्याचे काम हलक्यात घेतले जाते. वास्तविक या कामाला जोर थोडा आणि नेमकेपणा फार लागतो. शाफ्ट ज्या स्थितीत निघाला त्याच स्थितीत परत बसला पाहिजे आणि चार लहान कप तिरपे न होता आत गेले पाहिजेत; काम फसते ते बहुतेक वेळा या दोनपैकी एका ठिकाणी.

हा सांधा सगळ्याच गाड्यांत नसतो. अल्टो किंवा स्विफ्टसारख्या गाडीत इंजिन व गिअरबॉक्स पुढे असतात आणि पुढचीच चाके गाडी ओढतात. तिच्यात लांब शाफ्ट नसतो, चाकांपाशी सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जॉइंट असतात आणि त्यांची दुरुस्ती वेगळी. ज्या गाडीची मागची चाके जोर लावतात, म्हणजे ओम्नी, ईको, बोलेरो, सुमो, जुनी ॲम्बेसेडर, किंवा जिच्या चारही चाकांना जोर देता येतो अशी जिप्सी, तिच्यात गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणारी एक पोकळ पोलादी नळी फिरत असते. तिलाच आपण प्रोपेलर शाफ्ट म्हणतो. ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टलाही दोन्ही टोकांना हाच सांधा असतो, त्यामुळे काटोल-सावनेरकडच्या शेतकऱ्याला तो शहरातल्या मोटारवाल्यापेक्षा अधिक ओळखीचा असण्याचा संभव आहे.

सांध्याची गरज का पडते, हे समजायला सोपे आहे. गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो, तर मागचा ॲक्सल कमानपाट्यांवर किंवा स्प्रिंगवर टांगलेला असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात वरखाली होतो. या दोघांना सरळ दांड्याने जोडले तर पहिल्याच गतिरोधकावर काही तरी तुटेल. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकूनही फिरत राहील असा सांधा देतात. शिवाय ॲक्सल वरखाली होताना त्याचे गिअरबॉक्सपासूनचे अंतरही बदलते. त्यासाठी शाफ्टला एका ठिकाणी दातेरी खाचांचा सरकता जोड असतो, जो छत्रीच्या दांडीसारखा आतबाहेर होतो. या खाचांना स्प्लाइन म्हणतात आणि पुढे त्यांचा विषय पुन्हा येणार आहे.

सांध्याची रचना अशी असते. दोन दुबेळकी तुकडे, म्हणजे योक, एकमेकांसमोर काटकोनात उभे असतात आणि त्यांच्या मधोमध अधिक चिन्हाच्या आकाराचा क्रॉस बसतो. क्रॉसच्या चार हातांवर चार पोलादी कप असतात आणि प्रत्येक कपाच्या आतल्या भिंतीला सुईसारखे बारीक रोलर उभे लावलेले असतात. कप योकच्या कानांतील भोकांत घट्ट बसतात आणि बाहेर सटकू नयेत म्हणून त्यांना सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी लवचीक कडी, लावतात, जिला गॅरेजमध्ये नुसते ‘लॉक’ही म्हणतात. या प्रकारच्या सांध्याला सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याचे किंवा सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याचे नाव दिले जाते.

हुकने या सांध्याचा एक विचित्र स्वभाव नोंदवला होता आणि क्रॉस बदलणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेणे आवश्यक आहे. सांधा कोनात असताना एका बाजूला अगदी समान वेग दिला तरी दुसऱ्या बाजूला वेग समान राहत नाही; प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. सायकलच्या पायडलवर आपल्या पायाचा जोर एका फेऱ्यात दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, तसेच काहीसे हे आहे. गिअरबॉक्सकडची बाजू मिनिटाला १००० फेरे फिरत असेल आणि सांध्याचा कोन १० अंश असेल, तर पलीकडचा वेग साधारण ९८५ ते १०१५ यांच्या दरम्यान हेलकावत राहतो. कोन २० अंश झाला तर हाच हेलकावा ९४० ते १०६४ इतका रुंदावतो. एवढा फरक थेट डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या गिअरांच्या डब्यापर्यंत, पोहोचला असता तर गाडीत बसणे असह्य झाले असते.

उपाय म्हणून दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा बसवतात. नळीच्या दोन्ही टोकांचे योक एका पातळीत असतील आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असतील, तर पहिल्या सांध्याने घातलेला हेलकावा दुसरा सांधा बरोबर पुसून टाकतो आणि डिफरन्शियलला समान वेग मिळतो. दोन योक अशा रीतीने एका पातळीत असण्याला शाफ्ट ‘फेजमध्ये’ असणे म्हणतात. नळीच्या मध्ये स्प्लाइनचा सरकता जोड असेल आणि तो सुटा करून परत घालताना काही दात इकडचे तिकडे झाले, तर योक पातळीतून सुटतात आणि हेलकावा पुरता पुसला जात नाही. आणि ते एकमेकांशी काटकोनात आले तर दोन्ही हेलकाव्यांची चक्क बेरीज होते.

माझ्या मावसभावाची जिप्सी पेंचच्या सिल्लारी गेटवर पर्यटकांना घेऊन जाते. एका हंगामाच्या सुरुवातीला तिच्या मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस एका गॅरेजमध्ये बदलून घेतले, पैसे दिले, आणि परतताना रामटेकच्या रस्त्याला ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जाताच सबंध गाडी थरथरू लागली. क्रॉस नवे, ग्रीस नवे, बोल्ट घट्ट. टायर बदलून पाहिले, चाकांचे बॅलन्सिंग करून पाहिले, थरथर तशीच. शेवटी गाडीखाली झोपून शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने पाहिला तेव्हा पुढचा योक उभा आणि मागचा जवळजवळ आडवा दिसला. शाफ्ट काढून स्प्लाइन सुटी केली, योक एका पातळीत आणून परत बसवली, आणि तासाभराच्या त्या कामाने थरथर गेली. काढण्यापूर्वी चुन्याची एक रेघ मारली असती तर हे सारे टळले असते. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी खुणा करण्याविषयी मी थोडा हट्टी झालो आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम दोष खरोखर क्रॉसमध्येच आहे याची खात्री करावी, कारण ‘टक्’ असा आवाज घासलेल्या स्प्लाइनमुळे, डिफरन्शियलच्या दात्यांतल्या वाढलेल्या फटीमुळे किंवा इंजिनाच्या तुटलेल्या माउंटिंगमुळेही येऊ शकतो. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, इंजिन बंद ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि खाली शिरून एका हाताने नळी व दुसऱ्या हाताने योक धरून दोन्ही विरुद्ध दिशांना पिळून पाहावेत. नंतर नळी वरखाली हलवून पाहावी. क्रॉस आणि योक यांच्यामध्ये डोळ्याला दिसेल इतकी हालचाल असेल तर तो क्रॉस संपला आहे. कपांच्या कडेला विटेच्या पुडीसारखी तांबूस भुकटी जमलेली असेल तर आत ग्रीस उरले नसून सुया गंजून झिजत आहेत, असे समजावे. जंगलात चालणाऱ्या गाड्यांत हे लवकर घडते. ओढ्याचे पाणी आणि बारीक धूळ सीलच्या कडेने आत शिरते आणि ग्रीसची जागा चिखल घेतो.

गाडी वर उचलायची असेल तर जॅकवर विसंबून तिच्याखाली कधीही शिरू नये. पक्क्या जमिनीवर चासीखाली स्टँड लावावेत. ठोकळे मात्र काम संपेपर्यंत हलवू नयेत, आणि त्यामागे एक कारण आहे जे अनुभवी माणसांच्याही ध्यानातून निसटते. उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून उभी करण्याची आपल्याला सवय असते, पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट काढला की गिअरबॉक्स आणि चाके यांचा संबंधच तुटतो आणि गिअर गाडीला धरून ठेवू शकत नाही. काही वाहनांत हँडब्रेकही शाफ्टच्या पुढच्या टोकापाशी बसवलेला असतो. तेथे शेवटचा बोल्ट सुटताच हँडब्रेकसुद्धा निकामी होतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा हे काम सकाळी लवकर उरकावे, एवढी सूचना येथेच करून ठेवतो. दुपारच्या उन्हात तापलेला पाना हातात धरवत नाही आणि घाई होते.

मग खुणा. डिफरन्शियलच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीवर, आणि त्याला जोडलेल्या शाफ्टच्या फ्लँजवर एकच सलग रेघ ऑइलपेंटने मारावी. सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर तशीच दुसरी रेघ मारावी. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगजवळच्या जोडावर तिसरी. काही शाफ्टवर कारखान्यातच बाण कोरलेले असतात, पण ते चिखलाखाली गेलेले असतात, म्हणून तारेच्या ब्रशने घासून पाहावेत. खडूची खूण डिझेलने पुसली जाते, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नये.

फ्लँजचे चार बोल्ट रिंग पान्यानेच सोडावेत, कारण तोंडाचा पाना गंजलेल्या नटाचे कोपरे मारतो. बोल्ट निघाले की शाफ्टचे ते टोक हाताने किंवा दोरीने आधार देऊन खाली घ्यावे. एका सांध्यावर सबंध शाफ्ट लोंबकळत ठेवू नये. ओम्नीसारख्या गाडीत शाफ्टचे पुढचे टोक सरळ गिअरबॉक्समध्ये शिरलेले असते आणि ते ओढून काढताच मागून गिअर ऑइल वाहू लागते, म्हणून खाली परात ठेवावी आणि तोंडाला स्वच्छ फडका कोंबावा. तो फडका परत काढण्याची आठवण ठेवणे, हेही कामच आहे.

शाफ्ट बाहेर आला की तो शेगड्यात, म्हणजे बेंच व्हाइसमध्ये, धरायचा असतो. नळी पातळ पत्र्याची असते आणि शेगड्याच्या जबड्यात दाबली की चेपते. चेपलेली नळी पुन्हा कधीही संतुलित फिरत नाही. म्हणून पकड योकवर घ्यावी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला लाकडाचा आधार द्यावा. कपांभोवतीचा गंज घासून, डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल लावून शक्य असल्यास रात्रभर ठेवावे. सर्कलिप निघत नसेल तर कपावर एक हलका ठोका देऊन तो केसभर आत ढकलावा. त्याने सर्कलिपवरचा दाब सुटतो आणि ती सर्कलिपच्या पकडीने निघते. सर्कलिप उडून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच.

कप काढण्याची पद्धत ऐकायला गुंतागुंतीची वाटते, पण एकदा पाहिली की विसरत नाही. दोन गोट्या, म्हणजे सॉकेट पान्याचे पोकळ सॉकेट, घ्याव्यात: एक कपापेक्षा किंचित लहान, दुसरी कप तिच्या पोटात सहज मावेल एवढी मोठी. शेगड्याच्या एका जबड्याकडे लहान गोटी एका कपावर टेकवावी, समोरच्या बाजूला मोठी गोटी योकच्या कानावर टेकवावी, आणि शेगडा आवळत जावे. लहान गोटी आपल्या बाजूचा कप आत ढकलते, तो क्रॉसला ढकलतो, आणि क्रॉस समोरचा कप मोठ्या गोटीच्या पोटात ढकलून देतो. बाहेर आलेला कप पकडीने पिळून काढावा, शाफ्ट उलटा करावा आणि क्रॉसला उलट दिशेने दाबून दुसरा कप काढावा. चारही कप असेच निघतात.

याऐवजी रस्त्याकडेला अनेकदा योकचा कान ऐरणीवर टेकवून घणाचे घाव घातले जातात. त्यानेही क्रॉस निघतो, हे नाकारता येत नाही. परंतु त्या घावांनी योकचे कान केसभर फाकतात किंवा मिटतात, समोरासमोरची दोन भोके एका रेषेत राहत नाहीत, आणि मग कितीही चांगला क्रॉस आणला तरी तो तिरपा बसून थोड्याच दिवसांत झिजतो. कप अजिबात हलत नसेल तर जुन्या क्रॉसचे हात कापून तो तुकड्यातुकड्यांनी काढणे अधिक शहाणपणाचे, कारण क्रॉस तसाही भंगारात जाणार असतो. योक परत वापरायचा असतो. काही गाड्यांच्या शाफ्टमध्ये सर्कलिप नसून योकची कडाच ठोकून कप कायमचे अडकवलेले असतात. तेथे बाजारातला सर्कलिपवाला क्रॉस बसत नाही आणि संपूर्ण शाफ्ट बदलणे किंवा या कामाची यंत्रे असलेल्या वर्कशॉपकडे जाणे, हे दोनच मार्ग राहतात.

रिकामी झालेली भोके बारीक पॉलिश पेपरने फक्त गंज जाईपर्यंत घासावीत. नवा कप अंगठ्याने दाबताच आत जात असेल तर भोक मोठे झाले आहे, कारण कधी तरी जुना कप त्यात फिरला असावा. अशा वेळी भोकाच्या कडेने पंचाचे ठोके मारून कप ‘टाइट’ करून देण्याची युक्ती सर्रास चालते. ती काही दिवस टिकते आणि मग कप पुन्हा फिरू लागतो. तेथे योकच बदलायला हवा.

नवा क्रॉस घेताना केवळ गाडीचे नाव सांगू नये, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या मापांचे क्रॉस आलेले असू शकतात. जुना क्रॉस त्याच्या कपांसह पिशवीत घालून घाट रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात न्यावा आणि कपाचा व्यास व समोरासमोरच्या कपांची एकूण लांबी, ही दोन मापे व्हर्निअरने जुळवून घ्यावीत. शक्य असेल तर ग्रीस निप्पल असलेलाच क्रॉस घ्यावा. निप्पल नसलेल्या सीलबंद क्रॉसचीही बाजू मांडता येईल, परंतु धूळ आणि पाणी यांतून जाणाऱ्या गाडीला मधूनमधून ताजे ग्रीस भरता येणे मला अधिक मोलाचे वाटते.

बसवताना सर्वांत जास्त फसवणारी वस्तू म्हणजे कपातली सुई. नव्या कपातल्या सुया नुसत्या ग्रीसच्या चिकटपणाने भिंतीला धरून असतात. कप हातातून पडला, त्याला झटका बसला किंवा क्रॉसचा हात तिरपा शिरला की एखादी सुई आडवी पडून कपाच्या तळाशी जाते. मग कप पूर्ण आत जात नाही, सर्कलिपची खाच अर्धीच दिसते, आणि माणूस ‘अजून थोडा जोर लावू’ म्हणून शेगडा आवळतो. सुई तुटते, कप फुटतो किंवा क्रॉस जागीच आवळला जातो. म्हणून नियम असा ठेवावा की कप सहज जात होता आणि अचानक अडला, तर जोर वाढवू नये. कप काढून सुया मोजाव्यात.

हे टाळण्यासाठी एक कप योकच्या एका कानात अर्धाच सरळ बसवावा, क्रॉस योकमध्ये तिरका घालून त्याचा हात त्या कपात शिरवावा, समोरून दुसरा कप लावावा आणि क्रॉसचे दोन्ही हात दोन्ही कपांत थोडे थोडे राहतील असे हाताने धरून शेगडा हळूहळू आवळावा. हात आत असले की सुया पडायला जागा उरत नाही. ग्रीस निप्पलचे तोंड शाफ्टच्या नळीकडे यावे, म्हणजे नंतर ग्रीस गन पोहोचते. हे विसरलेले अनेक शाफ्ट मी पाहिले आहेत, ज्यांच्या निप्पलपर्यंत गन नेण्यासाठी शाफ्टच काढावा लागतो. शेवटचे एकदोन मिलिमीटर लहान गोटीने दाबून खाच पूर्ण दिसली की सर्कलिप घालावी आणि ती सगळीकडून खाचेत बसली आहे का, ते टोच्याने तपासावे.

सगळे बसल्यावर सांधा बहुधा जड फिरतो आणि तेथे पहिल्यांदा हातोड्याचा योग्य उपयोग येतो. पितळी किंवा प्लास्टिकच्या हातोड्याने योकच्या कानांवर हलके ठोके दिले की आत जास्त दाबले गेलेले कप बाहेर सरकून सर्कलिपला टेकतात आणि सांधा मोकळा होतो. तो दोन्ही दिशांना न अडता, पण खडखड न करता हलला पाहिजे. एखाद्या कोनात अडत असेल तर ‘चालता चालता मोकळा होईल’ असे मानून तो गाडीला लावू नये. यानंतर लिथियमचे चांगले ग्रीस गनने भरत जावे. चारही सीलच्या कडेने ते डोकावले की पुरे. तीनच बाजूंनी आले तर चौथ्या हाताची वाट बंद आहे.

शाफ्ट परत चढवताना मारलेल्या रेघा जुळवाव्यात. नळीवर कुठे लहान चौकोनी पत्रे वेल्ड केलेले दिसले तर ते संतुलनाचे असतात. साफसफाई करताना ते उडवू नयेत. या संतुलनाला किती महत्त्व आहे ते साध्या हिशेबाने कळते: ज्या टायरचा परीघ साधारण २.१ मीटर आहे अशा गाडीचे चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ६३५ फेरे घेते, आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर ४ धरले तर शाफ्ट मिनिटाला अडीच हजारांहून अधिक फेरे घेत असतो. वेग दुप्पट झाला की असंतुलनाचा धक्का चौपट होतो.

फ्लँजचे नट शक्यतो नवे वापरावेत, समोरासमोरचे आलटूनपालटून आवळावेत आणि शेवटचा जोर त्या गाडीच्या मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने द्यावा. नट आणि फ्लँज यांवर मिळून पेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवली, तर शंभरएक किलोमीटर गाडी चालवल्यावर खाली वाकून पाहताच एखादा नट फिरला आहे की नाही, ते पाना न लावता दिसते.